आठ पावलांचं अंतर

मार्चमध्ये मी रबरी तळव्याच्या चपला घालते. निगडीच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथं दहावीचं केंद्र असतं. तीन तास वर्गात फेऱ्या मारताना पावलांचा आवाज होऊ नये, एवढीच त्यामागची सोय. अकराची घंटा होते, प्रश्नपत्रिका वाटून होतात आणि वर्गात शांतता उतरते. पंखा कुरकुरतो, कुणाची तरी पट्टी बाकावरून खाली पडते, बाहेरून बस जाते. बाकीच्या शिक्षकांना हे तीन तास कंटाळवाणे वाटतात. मला त्यांची भीती वाटते. माझे कान ताणलेले राहतात. कुठंतरी कुणीतरी हाक मारतंय आणि ती कुणालाच ऐकू जात नाहीये, असं मला दर मार्चमध्ये वाटत राहतं.

माझी स्वतःची दहावी काळेवाडीत झाली. जिजाकाकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आमच्याकडे भाड्यानं होत्या. जिजाकाकू गावच्या मूळ रहिवासी. त्यांच्या शेतात आता चाळी उभ्या होत्या, पण बोलणं शेतातलंच राहिलं होतं. आम्ही गेवराईकडचे. आई, अण्णा आणि मी. आई ब्लाउज शिवायची. अण्णा निघोज्याच्या पुढं एका कंपनीत प्रेसवर होते. लोखंडी पत्रा दाबून त्यातून गाड्यांचे भाग काढणारं ते यंत्र. कंपनी वर्षातून एक दिवस कामगारांच्या घरच्यांना आत बोलवायची, तेव्हा मी एकदाच ते चालू असताना पाहिलं होतं. प्रत्येक आपटीला पायाखालची फरशी हलायची आणि छातीत काहीतरी खाली बसल्यासारखं व्हायचं. अण्णा त्याच्याशेजारी सतरा वर्षं उभे होते.

त्या वर्षी घरात सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे माझी दहावी. जानेवारीतच आईनं टीव्हीवर भरतकामाचा रुमाल टाकला आणि तो परीक्षेपर्यंत काढायचा नाही, असं ठरलं. शिवणयंत्र दुपारपुरतं उरलं. जिजाकाकू जिन्यात खेळणाऱ्या पोरांना हुसकायच्या, "वर पोरगी शिकतीया, गप ऱ्हावा की रं जरा." फेब्रुवारी सरता सरता वरचा स्लॅब तापायला लागला. मी ओला पंचा डोक्यावर टाकून प्रमेयं पाठ करायची. खिडकीतून समोरच्या कडुलिंबाच्या मोहराचा कडू-गोड वास यायचा, त्यात खालच्या वेल्डिंगच्या दुकानाचा जळका वास मिसळलेला. आजही त्या दोन वासांपैकी एक आला की दुसरा मी मनातल्या मनात शोधते.

सगळे हळू बोलायला लागले होते. आता वाटतं, त्या हळू बोलण्यातच आमचं घर उघडं पडलं. एरवी टीव्ही मोठ्यानं चालायचा, यंत्र खडखडायचं, आई त्याच्यावरून ओरडून बोलायची. त्या गोंगाटात अण्णांचं कसं निभत होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. घर शांत झालं आणि अण्णा उत्तर देईनासे झाले. आई जेवताना विचारायची, "भाजीत मीठ बरंय ना?" अण्णा ताटाकडं बघत जेवत राहायचे. ती पुन्हा विचारायची नाही. ओठ घट्ट मिटून पोळी वाढायची. मी मध्ये बसलेली, पुस्तक उघडं, आणि दोघांच्या मधली हवा माझ्या अंगाला लागायची.

एका संध्याकाळी आई ब्लाउज द्यायला खाली गेली होती. अण्णांनी खिशातून बटणांचा मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला.

"वैशू, माझी परीक्षा घे जरा."

"तुमची कसली परीक्षा?"

"कंपनीत कान तपासायची गाडी येती दर वर्षी. आत एक कोठडी असती. कानाला हेडफोन लावतात, हातात बटण देतात. बारीक आवाज आला की दाबायचं. तू मागं उभी ऱ्हा अन् मोबाइलचं बटण दाब. टिक ऐकू आली की मी बोट वर करतो."

मला गंमत वाटली. ते कपाटाकडं तोंड करून खुर्चीवर बसले. मी दहा वेळा बटण दाबलं. दहाही वेळा बोट वर. एखाद्या बाईंनी म्हणावं तशी मी म्हणाले, "पैकीच्या पैकी, अण्णा!" ते वळले नाहीत. मी मान वर केली तेव्हा लोखंडी कपाटाच्या आरशात मला त्यांचे डोळे दिसले. ते माझ्या अंगठ्यावर होते.

मी खुंटीवरचा टॉवेल काढला, आरशावर टाकला आणि पुन्हा सुरुवात केली. एक, दोन, तीन, सात, नऊ. बोट मांडीवर तसंच. मधेच एकदा ते वर गेलं, पण तेव्हा मी बटण दाबलं नव्हतं.

"किती आले?" त्यांनी विचारलं.

मी आरशावरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांना काय ते समजलं. टॉवेलची घडी करत ते म्हणाले, "मागच्या वर्षी काचेतून त्या माणसाचा हात दिसत होता. यंदा दुसरी गाडी येणारंय म्हणतात."

त्यानंतर मी जे केलं ते मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी त्यांना शिकवलं. हात दिसला नाही तर खांदा बघा म्हटलं. लगेच बटण दाबू नका, क्षणभर थांबा. आणि शेवटचे दोन-तीन सोडून द्या, कारण सगळंच बरोबर आलं की संशय येतो. ही शेवटची युक्ती आमच्या वर्गातली होती. चार-पाच संध्याकाळी आई खाली असताना आम्ही सराव केला. अण्णा माझ्या खांद्याकडं बघून बोट वर करायचे आणि मी मान डोलवायची. त्यांना ऐकू येत नाही, याचं दुःख मला तेव्हा झालं नाही. ते पास व्हायला हवेत एवढंच डोक्यात होतं. घरातली हवाच तशी होती.

"आईला सांगू नको," ते म्हणाले होते. "परीक्षा होऊ दे तुझी. मग बघू."

माझ्या इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी ती गाडी कंपनीत येऊन गेली. केंद्राच्या दारात एका बाईंनी माझी कंपासपेटी उघडून चिठ्ठ्या आहेत का ते बघितलं, बाह्या चाचपल्या. माझ्याजवळ काही नव्हतं. तरी पहिली दोन पानं लिहिताना मी सारखी दाराकडं बघत होते. संध्याकाळी अण्णा द्राक्षं घेऊन आले. आईला म्हणाले, "कंपनीची तपासणी झाली. सगळं ठीक हाय." आणि माझ्याकडं बघून हसले. मी द्राक्षं खाल्ली. गोड होती.

पुढचा गुरुवार विज्ञानाचा होता. गुरुवारी आमच्याकडच्या कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून अण्णा घरी होते. त्या दिवशी घरात जे झालं तेव्हा मी परीक्षेच्या वर्गात होते. मला कळलं ते अडीच वाजता, जिन्याच्या पायरीवर बसलेल्या जिजाकाकूंकडून. वर दाराला कुलूप होतं.

"तुज्या आईला दवाखान्यात न्हेलंय. घाबरू नगंस, हात मोडलाय निसता," त्या म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा वेगळंच काही सांगत होता. त्यांच्याच्यानं राहवलं नाही. "पर तुजा बाप असला कसा गं?"

आई मोरीत कपडे धुताना साबणाच्या पाण्यावरून घसरली होती. उजवा हात अंगाखाली आला, कंबर दुखावली, उठता येईना. तिनं हाका मारल्या. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मोरीपासून त्यांच्या खुर्चीपर्यंत आठ पावलं. मी नंतर मोजली, एकदा नव्हे, अनेकदा. अर्धा तास ती हाका मारत होती. शेवटी खाली जिजाकाकूंच्या कानावर आवाज गेला. त्या धापा टाकत जिना चढून आल्या तर अण्णा दारातच, पायावर पाय टाकून बसलेले. काकू त्यांच्यावर ओरडल्या, "अवो भाऊ, बाईचा जीव चाललाय आत! ऐकाया न्हाई का येत तुमास्नी?"

लोक असं म्हणतातच. त्याचा खरा अर्थ कुणी घेत नाही. अण्णांनी मान खाली घातली आणि ते आत धावले.

प्लास्टर घालून आई घरी आली. ती रडली नाही, भांडली नाही. माझ्याशी बोलताना एवढंच म्हणाली, "मी मरायले तिथं, अन् हे पेपर वाचायलेत." अण्णा मोरीच्या दाराशी उभे होते. ते म्हणाले, "पेपरात डोकं होतं माझं."

त्यानंतर आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. कणीक मी मळायची, अण्णा कामावरून आल्यावर भांडी घासायचे, केर काढायचे, आईच्या औषधाच्या गोळ्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवायचे. ती त्यांची पाठ वळल्यावरच पेला उचलायची. मला इतिहासाच्या पुस्तकात अक्षरं दिसायची आणि अर्थ लागायचा नाही. एका संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना मी अण्णांना गाठलं. त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ दिसतील असं, म्हणाले, "सांगा ना तिला."

"परीक्षा होऊ दे."

"अण्णा, तिला वाटतंय तुम्ही मुद्दाम उठला नाहीत. जिजाकाकू सगळ्या गल्लीत सांगतायत."

"सांगू दे." त्यांनी आईची साडी दोरीवरून ओढली, तिची घडी घातली. "निर्दयी माणसाला कंपनी कामावरनं काढत नाही, वैशू."

या वाक्यावर मी इतकी वर्षं विचार करत आले आहे. शरीरानं कमी पडल्याची लाज माणसाला किती खोल लागते! ती झाकायला माणूस आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या नजरेतून उतरायला तयार होतो. अण्णा वाईट नव्हते, भित्रेही नव्हते. माझं अकरावी-बारावीचं शिक्षण डोळ्यांपुढं होतं, एवढंच. पण या हिशेबात आईची बाजू त्यांनी धरलीच नव्हती. आणि मीही नाही. गुपित राखणं म्हणजे प्रेम, असं पंधराव्या वर्षी मला वाटत होतं.

शेवटचा पेपर भूगोलाचा. त्याच्या दोन दिवस आधी आई मला म्हणाली, "पेपर झाला की मामा येणारंय. मी गेवराईला जाते. तू पण चल."

"किती दिवस?"

डाव्या हातानं ती ट्रंकेत साड्या भरत होती, आणि ज्या साड्या भरत होती त्या चार-आठ दिवसांच्या नव्हत्या. लग्नातला शालू तिनं तळाशी ठेवला.

तेव्हा मी सांगितलं. सगळं. मोबाइल, आरसा, टॉवेल, खांदा, शेवटचे दोन-तीन. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "खोटं. मी सतरा वर्षं संसार करायले त्यांच्याबरोबर. मला कळलं नसतं?"

अण्णा बाहेरच्या खोलीत माझा शाळेचा गणवेश इस्त्री करत होते. परीक्षेच्या काळात ते काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. जमिनीवर घोंगडी अंथरून, आमच्याकडं पाठ करून, पाण्याचे शिंतोडे मारत ते बसले होते. आई उठली आणि दारात, त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. मधे दोन हातांचं अंतर.

"अहो," ती म्हणाली.

इस्त्री बाहीवरून फिरत राहिली.

"अहो, ऐकायलेत का?"

इस्त्री कॉलरवर आली. मग आईनं जे केलं ते मी तिला आयुष्यात कधी करताना पाहिलं नव्हतं. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, एरवी तिनं त्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर लिहायचं असलं तरी ती माझ्याकडं बघायची आणि मी सांगायची.

"दत्तात्रय," ती म्हणाली.

अण्णांनी शर्ट उलटा केला.

"दत्तात्रय." या वेळी मोठ्यानं. "दत्ता!"

गल्लीतून कुणी वर बघितलं असेल इतक्या मोठ्यानं. अण्णा ओठांनी फुंकर घालून इस्त्रीवरची राख उडवत होते. आमची इस्त्री कोळशाची होती. राखेचे दोन कण शर्टावर पडले, ते त्यांनी बोटानं हळूच झटकले.

आई त्यांच्यासमोर जाऊन जमिनीवर बसली. तिचा चेहरा बघून त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. दम लागलेल्या माणसानं हातातलं ओझं घेणाऱ्याकडं बघावं तसं बघितलं.

"कधीपासून?" आईनं विचारलं.

"पाच-सहा वर्षं असतील."

"मला वाटायचं, तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं."

"तसं वाटत असंल हे कळत होतं मला."

"कळत होतं?" आईचा आवाज फुटला. "अन् वाटू दिलं?"

मग आईनं विचारलं, "अन् तिथं, प्रेसवर, मागनं कुणी ओरडलं तर?"

ते खाली बघत म्हणाले, "शेजारच्या प्रेसवरच्या गायकवाडनं एकदा कॉलर धरून ओढलं होतं मला. माल उचलायची फोर्कलिफ्ट येत होती मागनं."

ती कॉलर आईनंच शिवून दिली होती. कशी फाटली विचारल्यावर खिळ्याला अडकली, असं ते म्हणाले होते. डाव्या हातानं तिनं त्यांच्या अंगातल्या शर्टाची कॉलर धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. कंपनीत सांगायला अण्णा तयार होईनात. "दोन वर्षं फक्त," ते म्हणत राहिले, "वैशूची बारावी होऊ दे." आई म्हणाली, "मग मी येऊन सांगते." दोघंही ओरडत होते, आणि या वेळी त्याला कारण होतं. भूगोलाच्या पेपरच्या सकाळी अण्णा साडेपाचच्या बसनं निघून गेले. मी नकाशात नद्या भरत होते आणि माझ्यासमोर सारखी पिवळी फोर्कलिफ्ट मागं मागं येत होती. गोदावरी मी दोनदा खोडली. घरी आले तर आई उंबऱ्यात बसलेली. सकाळपासून ती तिथंच होती, असं काकूंनी सांगितलं. मामाला तिनं येऊ नको म्हणून कळवलं होतं. साडेचारला बस यायची. पाच वाजले. सव्वापाच. आई उठून उभी राहिली, पुन्हा बसली. काकूही वर येऊन न बोलता कठड्याला टेकल्या. साडेपाच वाजता गल्लीच्या तोंडाशी अण्णा दिसले. चाकण रस्त्याला गाड्या अडकल्या होत्या.

त्यांनी चपला काढल्या, तोंड धुतलं आणि आमच्याकडं न बघता म्हणाले, "आज दिवसभर मागं वळून बघत होतो मी. काम झालंच नाही. उद्या सांगतो. तुम्ही दोघी चला बरोबर."

आज अण्णांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली. रविवारी मी काळेवाडीला जाते तेव्हा ते यंत्राची बारीक बॅटरी तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात बसलेले असतात आणि आई, "तेवढ्यात मी काही बोलणार नाही, सावकाश घाला," असं म्हणून त्यांच्यासमोर गप्प बसते. त्या वर्षीच्या गोष्टी आम्ही काढत नाही. एकदाच, मला नोकरी लागली तेव्हा, अण्णा म्हणाले होते, "मी तुला नको ते शिकवायला लावलं." मी म्हणाले, "शिकवलं मी, अण्णा." यापलीकडं आम्ही गेलो नाही. पर्यवेक्षणाला असताना एखादं पोर शेजारच्याच्या पेपरकडं डोळे वळवतं, तेव्हा मी लगेच ओरडत नाही. त्याच्या बाकाशी जाऊन उभी राहते. नियम मला माहीत आहेत, आणि मी ते पाळते. पण त्या वळलेल्या डोळ्यांत कधी कधी नुसती भीती असते, ती मला ओळखता येते.

भूगोलाच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघोज्याला उतरलो. अण्णा आत गेले. आई आणि मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीमागं सावलीला उभ्या राहिलो. गेटवरच्या माणसानं आईच्या प्लास्टरकडं बघून स्टूल आणून दिलं. ती बसली नाही. आतून प्रेसच्या आपटण्याचा आवाज येत होता, लयीत, आणि आईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. ती मोजत होती की काही म्हणत होती, मी विचारलं नाही. कंटेनर जात होते, धूळ उडत होती. दोन तास झाले. मला वाटलं, पोलिसांना बोलावलं असेल. फसवलं म्हणून नोकरीवरून काढलं असेल. आणि ते सगळं माझ्या युक्तीमुळं.

अण्णा बाहेर आले ते हातात कागद घेऊन. रस्ता ओलांडायच्या आधी त्यांनी तीनदा दोन्हीकडं बघितलं. जवळ येऊन ते भर रस्त्यात मोठमोठ्यानं बोलायला लागले. आपला आवाज किती मोठा होतोय, ते त्यांना कळत नव्हतं. आईनं त्यांना गप्प केलं नाही. प्रेसवरून काढलं होतं. साहेब खूप रागावले, आधी का सांगितलं नाही म्हणाले. महिनाभर घरी बसायचं, मोठ्या दवाखान्यात तपासून घ्यायचं, मग स्टोअरला घेतो म्हणाले. ओव्हरटाइम नाही. पहिल्यासारखी वाढ नाही.

"अन् कंपनीतले डॉक्टर काय म्हणाले?" आईनं त्यांच्यासमोर येऊन विचारलं.

"डावा गेलाय. उजवा जरा बरा हाय म्हणाले."

आम्ही स्टॉपकडं निघालो. आई माझ्याबरोबर चालत होती. तिनं माझा हात सोडला, अण्णांना मागून वळसा घातला आणि ती त्यांच्या उजव्या बाजूला गेली. प्लास्टरच्या हाताला धक्का लागू नये म्हणून तिनं तो पोटाशी धरला. चाकणकडून ट्रकची रांग येत होती. त्या धडधडाटात तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. दोन पावलं मागं असूनही मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. अण्णांना आलं.